आवाज आपला, यंत्र कुणाचं?



'बाई आणि यंत्र' हा विषय या अंकासाठी ठरला तेव्हा कोणते लेख येतील याचा थोडाफार अंदाज होता. शिवणयंत्रावर लेख आला, पिठाच्या गिरणीवर आला, बचत गटाने घेतलेल्या शेवयांच्या यंत्रावर आला, मोबाइलवर तर चार आले. गाण्याच्या यंत्रावर एकही आला नाही. म्हणून ते काम संपादकीयाकडे घेतलं आहे, आणि त्यासाठी एका पुरुषाची तबकडी निवडली आहे. संपादक मंडळात साहजिकच विचारणा झाली, 'यात बाई कुठे आहे?' कुठेच नाही. तबकडीवर गायिका नाही, वाजवणारी नाही. तरीही ती आपण ऐकावी असं मला वाटतं. शिबिरांमधून आपण 'साधनं बाईच्या हाती यायला हवीत' असं सारखं म्हणतो. साधन हाती येतं तेव्हा नेमकं काय होतं, ते या तबकडीत ऐकू येतं.

तबकडीचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ती केली आणि ग्रामोफोन कंपनीने १९८२ साली ती काढली. नावात आहे तेच आत आहे. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, आणि खाली डिस्कोचा न थांबणारा ठेका. तबला नाही, तंबोरा नाही, सारंगी नाही. एक माणूस आणि जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका धरणारं यंत्र, आणि टीबी-३०३ हे खर्जातले सूर वाजवणारं लहानसं यंत्र.

या तिसऱ्या यंत्राची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्या गिटारवाल्याला बेस गिटार वाजवणारा साथीदार मिळाला नाही तर त्याची जागा भरून काढायची, यासाठी कंपनीने ते काढलं होतं. त्यात सोळा घरांची एक ओळ असते. कोणत्या घरात कोणता सूर, कुठे जोर द्यायचा, कुठे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, हे आधी भरून ठेवायचं. मग यंत्र ती ओळ परत परत वाजवत राहतं आणि वाजवणारा बटणं फिरवून आवाजाचा पोत बदलतो. कधी दबका, कधी किंचाळणारा. गिटारवाल्यांना ते पसंत पडलं नाही. खऱ्या बेस गिटारसारखं ते वाजतच नव्हतं. १९८४ साली कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. चरणजितना मात्र त्यात दुसरंच काही सापडलं होतं. आपल्या रागसंगीतात सूर एकमेकांना चिकटून सरकतात, आणि हे यंत्र सूर घसरवतं. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीतासारखे स्वरसमूह बदलत जात नाहीत, षड्ज कायम मागे उभा असतो. ठेक्याच्या यंत्रालाही तेच सोयीचं, एका जागी पाय रोवून चालत राहायचं. दोन अगदी परक्या गोष्टींमधला हा सारखेपणा त्यांनी हेरला.

रागदारी ऐकणाऱ्या मैत्रिणींना यात राग पातळ झालेला वाटेल, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. आलापाला इथे जागाच नाही. भैरवातल्या कोमल रिषभाचं आंदोलन या यंत्रांना जमत नाही. मालकंस मला घाईत आटपल्यासारखा वाटतो. पण कलावती ऐका, मेघमल्हार ऐका. खालची ओळ तीच ती फिरत राहते आणि वर बोटं मोकळी धावतात. तीन-चार मिनिटांनी आपण राग शोधायचं सोडतो आणि नुसतं त्या फिरण्यात अडकतो. माझ्या भाचीने हे मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मला जात्याची आठवण झाली होती. त्याबद्दल पुढे येतेच.

हे चरणजित सिंग कोण? नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत ते मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन, अशा सगळ्यांकडे त्यांनी काम केलं. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' मधलं आशाताईंचं 'दम मारो दम' ज्यांनी ऐकलं आहे, त्या सगळ्यांनी चरणजितना ऐकलेलं आहे. त्या गाण्यात मागे जो सूर घुमत राहतो तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अकॉर्डियनचा. पण वेष्टनावर गायिकेचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचं असे. मागे बसून वाजवणाऱ्यांचं नसे. ते ठरलेल्या वेळेला येत, समोरचं वाजवत, पैसे घेत आणि पुढच्या स्टुडिओकडे धावत.

हे वर्णन ओळखीचं वाटत असेल. ज्याच्यावाचून काम उभंच राहत नाही आणि ज्याचं नाव कुठेही लागत नाही, त्या श्रमाबद्दल आपण गेली चाळीस-पन्नास वर्षं बोलत आहोत. फरक एवढाच, की या माणसांना त्याचा मोबदला तरी मिळत होता.

तर अशा एका बिननावाच्या वादकाने स्वतःची यंत्रं घेतली. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की त्या वर्षांत सिनेमात जिकडेतिकडे डिस्को चाललं होतं. तबला बंद ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत असं त्यांच्या मनात आलं. घरी वाजवून पाहिलं, बरं वाटलं, म्हणून मुद्रित केलं. यातला 'घरी' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कुणी संगीतकाराने सांगितलं नव्हतं. पन्नास माणसांचा वाद्यवृंद जमवायचा नव्हता, कुणाचं मन वळवायचं नव्हतं. एक खोली, एक विजेचं बटण आणि आपला वेळ. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःच्या खोलीची आणि स्वतःच्या पैशांची मागणी केली होती. गाणं बांधणाऱ्या बाईसाठी त्या मागणीत आणखी एक प्लग घालावा लागेल.

तबकडी चालली नाही. रेडिओवर काही तुकडे वाजले आणि लोक विसरले. चरणजित आपल्या कामाला लागले. २००२ साली एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने मुंबईला येऊन चरणजितना गाठलं आणि २०१० साली ती पुन्हा काढली. मग युरोपात एकच कल्लोळ झाला. कारण शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने १९८७ साली ज्या रेकॉर्डने 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ केला, तिच्यात हेच टीबी-३०३ होतं आणि आवाज विलक्षण सारखा होता. मुंबईत पाच वर्षं आधी हे कसं झालं? काहींना ही सरळ बनवाबनवी वाटली. ती नाही असं दिसल्यावर 'अ‍ॅसिड हाउसचा जनक' ही पदवी देऊन झाली. उतारवयात चरणजितना युरोपच्या रंगमंचावर ही यंत्रं वाजवायला बोलावणं आलं. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

या कौतुकाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. पहिला कोण, ही शर्यत कुणाच्या मैदानावर चालली आहे? चरणजित काही अ‍ॅसिड हाउस करायला बसले नव्हते. ते भैरव वाजवत होते. त्यांची किंमत ठरली ती दुसऱ्यांच्या इतिहासात ते कुठे बसतात यावरून. 'ती तर अगदी पुरुषासारखी काम करते' हे कौतुक ज्यांनी ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाउमनने तबकडी जपली याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु मला शिकागोचा धागा वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. तिथली ती काळी तरुण मुलं होती. गिटारवाल्यांनी नाकारलेलं ते यंत्र त्यांना जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं. इकडे मुंबईत एक पाठीमागे बसणारा वादक. दोघांची गाठभेट नाही, एकमेकांची खबर नाही. ज्यांना बोलावणारं कुणी नव्हतं, त्यांनी एका टाकाऊ ठरलेल्या यंत्रातून आपापलं गाणं काढलं. पहिलं कुणी काढलं याने मला फारसा फरक पडत नाही.

आता एक आक्षेप, जो तुमच्यापैकी अनेकींच्या ओठांवर असणार. 'विजेवरचं संगीत म्हणजे डीजे ना?' आमच्या कोकणात हल्ली हळदीला डीजे, मिरवणुकीला डीजे. छातीत धडधडेल एवढा आवाज, समोर प्यालेली पोरं, आणि आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलेल्या बाईला मिळालेली शिवी. आमच्या गटाने या आवाजाविरुद्ध अर्ज केले आहेत आणि पुढेही करू. त्या भिंतींमधून जे वाजतं त्यात बाईचा आवाजही असतोच, कापलेला, ताणलेला, एक आर्जव किंवा एक हुंकार तेवढा उचलून शंभर वेळा वाजवलेला. म्हणून यंत्राचा राग येणं मी समजू शकते. पण दारूगुत्त्याविरुद्ध मोर्चा काढताना आपण बाटलीवर रागावत नाही. तो आवाज कुणी कापला, कुणाला विचारून कापला, त्या बटणावर कुणाचं बोट होतं, हे आपले प्रश्न आहेत.

आणि ते बोट बाईचं क्वचितच राहिलेलं आहे. आवाज म्हणून बाई ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या काळी गाणं संपताना त्या स्वतःच आपलं नाव पुकारत, म्हणजे परदेशात तबकडी छापणाऱ्यांना ही कुणाची ते कळावं. सोयीसाठी केलेली गोष्ट, पण एका गाणाऱ्या बाईचं नाव तिच्याच आवाजात कायमचं कोरलं गेलं. पुढे मात्र ते नाव टिकवायला झगडावं लागलं. १९४९ च्या 'महल' मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी बाई कुणी नव्हतीच जणू!

आवाजाच्या पलीकडे जाऊन गाणं बांधायचं म्हटलं तर आणखी आडपडदे. बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वती देवी या मुळात खोर्शेद होमजी. सिनेमात काम करायला त्यांच्या पारशी समाजातून विरोध झाला म्हणून नाव बदललं. लताबाईंनी साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा हे आनंदघन म्हणजे कोण ते लोकांना कळलं. एवढ्या मोठ्या बाईला हे नाव का घ्यावंसं वाटलं असेल, याची कारणं काही असोत. पण त्या चाली ऐकताना 'हे कोण गृहस्थ?' असाच प्रश्न महाराष्ट्राला पडला होता, एवढं नक्की.

मग विजेच्या यंत्रावर बसलेली बाई आपल्याकडे झालीच नाही का? झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. त्या स्टुडिओत काम केलेल्यांमध्ये गीता साराभाई होत्या. फाळणीनंतर पळवल्या गेलेल्या बायकांच्या सुटकेसाठी झटलेल्या मृदुला साराभाईंची ही धाकटी बहीण. बाईने पखवाज वाजवणं कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्या पखवाज शिकल्या. १९४६ साली न्यू यॉर्कला गेल्या आणि जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. त्याबदल्यात त्याला भारतीय संगीत शिकवलं. कलेचा हेतू मन शांत करणं हा आहे, हा विचार केजला त्यांच्याकडून मिळाला आणि तो त्याने जन्मभर सांगितला. केजच्या चरित्रांत गीताबाई भेटतात त्या याच एका संदर्भात. त्यांनी स्वतः त्या स्टुडिओत बांधलेलं संगीत मात्र फितींवर पडून राहिलं. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या फिती शोधून काढल्या आणि १९६९ ते १९७२ मधलं हे काम २०२३ साली पहिल्यांदा तबकडीवर आलं. गीताबाई २०११ सालीच वारल्या होत्या.

गीताबाई गिरणीमालकांच्या घरच्या. मूग ज्या घराच्या जवळपास येऊ शकत होता त्या घरच्या. हे लपवायचं कारण नाही, उलट मुद्दा तोच आहे. यंत्राच्या खोलीत शिरायला तेव्हा एवढं लागत होतं.

इंग्लंडमध्ये एक सामान्य घरची मुलगी नोकरीच्या वाटेने त्या खोलीत शिरली. डेलिया डर्बिशायर. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकून १९५९ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, तर 'आमच्या स्टुडिओत आम्ही बायका ठेवत नाही' असं उत्तर मिळालं. मग बीबीसीत लागली आणि १९६२ पासून तिथल्या ध्वनिप्रयोगांच्या विभागात काम करू लागली. १९६३ साली 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेची सुरावट तिने तयार केली. फितीचे तुकडे कापून, जोडून, एकेक सूर वेगळा घडवून. मूळ चाल रॉन ग्रेनर यांची. तयार झालेलं ऐकून ते इतके चकित झाले, की सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लावावं असं त्यांनी स्वतः सुचवलं. बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. १९६९ साली 'व्हाइट नॉइझ' या गटाबरोबर तिने 'अ‍ॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म' ही पॉप गाण्यांची तबकडी केली, ती आजही चमत्कारिक आणि ताजी वाटते. १९७३ साली तिने बीबीसी सोडली. २००१ साली ती वारली तेव्हा माळ्यावर सीरियलच्या खोक्यांत भरलेल्या २६७ फिती मिळाल्या. 'डॉक्टर हू'च्या पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये, पन्नास वर्षांनी.

कपाट, माळा, जुना बाजार. चरणजितना निदान हयातीत कुणी शोधत आलं. या दोघींच्या फिती मात्र त्या गेल्यावरच हाती लागल्या.

आता अलोऱ्याकडे येते. मी राहते ते हे गाव कोयना प्रकल्पाचं. वरचं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, मग कोळकेवाडी, मग वाशिष्ठी. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून १९६० मेगावॉटची ही योजना. तिची पहिली यंत्रं साठच्या दशकाच्या सुरुवातीला फिरू लागली आणि वीज निघाली ती घाटापलीकडे आणि मुंबईकडे. १९८२ साली मुंबईच्या स्टुडिओत चरणजितांची यंत्रं ज्या विजेवर चालली तिच्यात कोयनेचा वाटा नसेलच असं नाही. इथल्या वाड्यांमधल्या बायकांपर्यंत वीज आली ती सावकाश, आणि तिच्याबरोबर विजेवरची पिठाची गिरणी आली. पहाटेचं दळण सुटलं. ते बरंच झालं. जात्याच्या दांड्याने हाताला घट्टे पडलेल्या कुठल्याही बाईला विचारा. पण दळताना म्हटली जाणारी ओवीही त्या दळणाबरोबर थांबली. मघाशी म्हटलं ते हेच. तीच एक फेरी, तोच घरघरणारा खर्ज, आणि त्यावर दर फेरीला नवं काही रचणारी बाई. यंत्राच्या फिरण्यावर गाणं रचणं आपल्या आज्यांना कुणी शिकवायला नको होतं. यंत्र त्यांच्या हातात होतं, म्हणजे तेच त्यांच्या मानगुटीवरही होतं.

गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या. नव्वदच्या दशकात संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी मुद्रितही झाल्या. आज त्या कुणालाही ऐकता येतात. या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'पारंपरिक' एवढा शब्द लिहून मोकळं होता आलं असतं.

आपल्या चळवळीच्या गाण्यांकडे मी हल्ली याच नजरेने पाहते. स्त्रीमुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं, त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या गटांनी गाणी रचली, कॅसेटी केल्या. घरगुती टेपवर, खोलीच्या दाराला गोधडी लावून. वेष्टनावर 'समूहगान' लिहिलेलं असे. त्यामागे विचार होता. एकीचं नाव पुढे करायचं नाही, गाणं सगळ्यांचं. ती भूमिका मला आजही पटते. पण आज मागे वळून पाहताना असं दिसतं, की ढोलकी ज्या भावाने वाजवली त्याचं नाव बहुतेक वेष्टनांवर आहे. मुद्रण ज्याने केलं त्याचंही आहे. दुसरं कडवं जिने जुळवलं ती समूहात आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमच्या एका सहकारी मैत्रिणीच्या तळमजल्यात पाणी शिरलं. त्यात आमच्या भागातल्या गटांच्या एका खोकाभर कॅसेटी होत्या. चिखल धुऊन, वाळवून त्यांतल्या काही परत वाजल्या. एका फितीवर गाण्याच्या आधी कुणीतरी 'बाळ उठलं, थांबा' म्हणते आणि सगळ्या हसतात. ते हसणं आता आमच्याकडे आहे, पण हसणाऱ्या कोण, हे सांगू शकतील अशा दोघीच उरल्या आहेत.

दुसरी बाजूही सांगते. चरणजितांची तीन यंत्रं त्या काळी ज्याच्या त्याच्या आवाक्यातली नव्हती. आज तसा ठेका, तशी सोळा घरांची ओळ फुकटात फोनवर मिळते. आमच्या गटातल्या बारावीच्या एका मुलीने यंदा ८ मार्चच्या गाण्याला फोनवरच ठेका बांधला. खाली एक खर्ज, वर तिच्या आजीचा आवाज. कार्यक्रम संपल्यावर ध्वनिक्षेपकवाला मुलगा येऊन तिला कौतुकाने म्हणाला, 'छान झालंय. कुणाकडून करून घेतलंस?' तिने फोन पुढे केला आणि कुठल्या घरात काय भरलं आहे ते त्याला दाखवू लागली. तो निघून गेला. एका फोनवर भागत असलं तरी तो फोन रात्री नऊनंतर तिच्याकडे नसतो, भावाकडे असतो. खोलीचा प्रश्न सुटलेला नाहीच.

तेव्हा दोन कामं ठरवली आहेत. मे महिन्यात अलोऱ्याला मुलींसाठी तीन दिवसांचं शिबिर घेत आहोत. गाणं बसवण्याचं नव्हे, मुद्रण, कापणं-जोडणं आणि ठेका बांधणं शिकण्याचं. शिकवायला दोघी येणार आहेत. फोन नसलेल्या मुलींसाठी फोन जमवतो आहोत. जुना, पडदा फुटलेला चालेल, ध्वनिग्राहक चालू हवा.

दुसरं, तुमच्या गटाकडे कॅसेटी असतील तर त्या उतरवून घ्यायला पाठवा. पाठवताना प्रत्येक फितीवर ओळखू येणाऱ्या सगळ्या आवाजांची नावं लिहा. गाणाऱ्या, शब्द जुळवणाऱ्या, टेपचं बटण दाबणारी, बाळाला घेऊन बाहेर बसलेली, सगळ्या. नाव छापू नये असं एखादीला वाटत असेल तर तेही लिहा, ते पाळलं जाईल. आणि कोकणातल्या मैत्रिणींसाठी खास सूचना : फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती 'एकदा वाजवून बघू' म्हणून टेपमध्ये घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. उन्हात ठेवू नका, सावलीत, हवेशीर जागी वाळवा, कोरड्या कागदात गुंडाळा आणि तशीच पाठवा.